ड्रायव्हर न लागणारं हार्डवेअर

माझ्याकडे २००८ सालचा एक प्रिंटर आहे. यंत्र म्हणून ठणठणीत. शाई भरली तर आजही छापेल. पण नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कुणी लिहिला नाही, त्यामुळे सध्या त्याच्यावर इस्त्रीहून आलेले कपडे ठेवले जातात. त्याच्याच शेजारी, त्याच टेबलावर, १९८३ सालचे दोन स्पीकर आहेत. कॉम्प्युटर, यूएसबी, इंटरनेट यातलं काहीही आमच्या घरात यायच्या कितीतरी आधीचे. ते मी गेल्या महिन्यात कॉम्प्युटरला जोडले. एकही फाइल डाउनलोड करावी लागली नाही. गंमत म्हणजे स्पीकरच्या खोक्यात जो कोन थरथरतो, त्यालाच इंग्रजीत 'ड्रायव्हर' म्हणतात. जो स्वतःच ड्रायव्हर आहे त्याला दुसरा कशाला लागेल! :)

आपल्या धंद्यातल्या माणसाला यात हेवा वाटण्यासारखं बरंच आहे. आपण लिहिलेलं एपीआय पाच वर्षं टिकलं तरी पार्टी करतो. लाउडस्पीकरचं एपीआय म्हणजे दोन वायरी. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी ज्या पद्धतीचा स्पीकर मांडला, तीच पद्धत आजही आहे: एक चुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कोन. वायरीतून विजेची लाट आली की वेटोळं पुढेमागे होतं, कोन हवा ढकलतो, आवाज होतो. डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज देण्याची कल्पना, म्हणजे स्टीरिओ, ब्लमलाइनने ईएमआयमध्ये असताना १९३१ साली पेटंटमध्ये लिहून ठेवली. त्यानंतर तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, सीडी आल्या नि गेल्या, पण शेवटच्या त्या दोन वायरींचं काही बदललं नाही. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात ती ही.

तर हे स्पीकर बाबांचे. बँकेतल्या बोनसमधून घेतलेला अख्खा सेट होता: अँप्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन स्पीकर. आम्ही तेव्हा कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. शोकेसच्या खालच्या कप्प्यात अँप आणि कॅसेटी, आणि स्पीकर मात्र कपाटावर, कारण मी लहानपणी त्यांच्या जाळीत पेन्सिल खुपसायचो म्हणे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे तुम्हाला आठवत असेलच. आमच्या घरात पाणी कमरेपर्यंत चढलं. खालचा कप्पा गेला. अँप, डेक, तीसेक वर्षं जमवलेल्या कॅसेटी, सगळ्याचा चिखल. कपाटावरचे स्पीकर तेवढे कोरडे राहिले. बाबांनी त्यानंतर नवा अँप घेतला नाही. तेव्हापासून स्पीकर कपाटावर चादरीत गुंडाळलेले, आणि घरात गाणं म्हणजे आधी मोबाइल आणि नंतर मी दिवाळीला दिलेला एक हातभर ब्लूटूथ स्पीकर.

यंदा ती बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि आईबाबा तीनेक वर्षांसाठी पुण्याला आमच्याकडे राहायला आले. टेम्पोत काय काय घ्यायचं याची यादी आईने केली होती. त्यात स्पीकर नव्हते. "भंगारवाल्याला दे, चुंबकाच्या वजनाचे तरी पैसे येतील," असं बाबा म्हणाले. मी ते टेम्पोत चढवले. बायकोने वाकडच्या आमच्या टूबीएचकेत ती दोन खोकी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "हे नक्की कुठे राहणार?" प्रश्न रास्त होता. एकेक खोकं गुडघ्याएवढं उंच.

पण मला ते टाकवत नव्हते याचं कारण लाकूड किंवा आठवणी वगैरे नव्हतं. बाबांना ऐकू कमी येतं. गेल्या चार-पाच वर्षांत जास्तच. मशीन आहे, पण ते घरात काढून ठेवतात. पुण्याला आल्यापासून बाल्कनीत पेपर घेऊन बसतात, आपण काही बोललो की हसून "हो हो" म्हणतात, आणि ते "हो हो" कशाला होतं ते त्यांनाही ठाऊक नसतं. ज्या माणसाने आम्हाला रविवारी सकाळी गाण्यानेच उठवलं, तो माणूस गाणं लावतच नाही. एकदा मी ब्लूटूथवर लावून दिलं तर दोन मिनिटांनी म्हणाले, "राहू दे. गाणं कानात शिरत नाही आता. नुसता आवाज शिरतो."

मला हे वाक्य फार लागलं. तर या वीकांताच्या उद्योगामागे ते वाक्य आहे. बाकीचं सगळं सोल्डरिंग.

आधी स्पीकर जिवंत आहेत का ते बघायचं. मल्टिमीटर लावला. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. दोन्ही खोकी सहाच्या वर. म्हणजे वेटोळी शाबूत. मग पेन्सिल सेल घ्यायचा आणि टर्मिनलला अर्धा सेकंद टेकवायचा. 'खट्' असा आवाज येतो आणि कोन हलतो. सेलचं पॉझिटिव्ह टोक लाल टर्मिनलला असताना कोन बाहेर यायला हवा. ही पोलॅरिटी दोन्ही खोक्यांत सारखीच पाहिजे. एकात उलटी झाली तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो, खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये बसण्याऐवजी खोलीभर हवेत पसरतो. लोक म्हणतात 'जुन्या स्पीकरला बेस नाही', आणि खरी भानगड बऱ्याचदा एवढीच असते.

कोन हलले, पण सोबत काळा भुगाही पडला. वूफरच्या कडेला जी स्पंजची रिंग असते ती पॉलियुरेथेन फोमची. दमट हवेत या फोमची रासायनिक वाट लागते, वापरा किंवा नका वापरू. मुंबईच्या हवेत तर बोलायलाच नको. बोट लावलं की गुलाबजामच्या खव्यासारखा भुगा. ज्यांच्या स्पीकरला रबराची किंवा कापडाची कड आहे ते नशीबवान.

मुंबईत असतो तर लॅमिंग्टन रोडला गेलो असतो. (पाटीवर भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात.) पुण्यात ते काम बुधवारातल्या तपकीर गल्लीत होतं. तिथे एका माडीवर एक काका स्पीकर दुरुस्त करत बसतात. मी म्हटलं, "काका, दोन्ही वूफरची रिंग बदलायची आहे." त्यांनी कोन अंगठ्याने हलकेच दाबला, कान लावला आणि म्हणाले, "वेटोळं घासत नाहीये. हा कागद आता मिळत नाही साहेब. कोणी नवा कोन टाकून देतो म्हणालं तर देऊ नका." मग त्यांनी मधली टोपी ब्लेडने कापून काढली, वेटोळ्याच्या आणि चुंबकाच्या मधल्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खुपसल्या, म्हणजे कोन बरोब्बर मध्यावर राहतो, आणि मग नवी रिंग चिकटवली. गोंद वाळेपर्यंत पट्ट्या तशाच. दोन दिवसांनी या म्हणाले. १,४०० रुपये. माझ्या मते पुण्यात १,४०० रुपयांत याहून जास्त कौशल्य विकत मिळत नाही.

तोवर मी खोक्यांतली दुसरी गोष्ट पाहिली, ती म्हणजे क्रॉसओव्हर. नाव मोठं, पण यांच्यात ट्वीटरच्या वाटेवर बसवलेला एक ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बस. त्याचं काम द्वारपालाचं: खालचे स्वर अडवायचे आणि वरचे ट्वीटरकडे सोडायचे. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे हिशेबाने साधारण ४,२०० हर्ट्झला दार उघडतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकतो. क्षमता निम्मी झाली तर ते दार ८,४०० ला जातं आणि मधला पट्टा कुणाच्याच वाटणीला नीट येत नाही. वीस-तीस रुपयांत नवे बसतात. बसवून टाकले.

आता मुख्य प्रश्न. कॉम्प्युटरच्या मागे हिरव्या रंगाचं एक भोक असतं. (हा हिरवा रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' नावाच्या दस्तऐवजातून आला, त्याआधी सगळी भोकं काळीच असायची आणि टेबलाखाली मोबाइलचा, नाही, टॉर्चचा उजेड पाडून शोधावं लागायचं.) त्या भोकातून येतो तो लाइन लेव्हलचा सिग्नल. घरगुती यंत्रांत याची नाममात्र पातळी साधारण ०.३ व्होल्ट. त्यामागे ताकद जवळपास काहीच नाही, काही मिलिवॅट. या भोकाला मोठे स्पीकर थेट जोडले तर फार तर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येईल. दुकानात मिळणारे 'कॉम्प्युटर स्पीकर' चालतात, कारण त्यांच्या पोटात अँप असतो. जुन्या स्टीरिओ स्पीकरच्या पोटात नसतो. म्हणजे मध्ये अँप हवा, याला पर्याय नाही.

तुमच्या घरी त्या काळातला अँप वाचलेला असेल तर उत्तमच. मागे फोनो, टेप, ऑक्स अशी भोकं असतील. कॉम्प्युटर टेपला किंवा ऑक्सला लावायचा, फोनोला चुकूनही नाही. फोनोची वाट तबकडीच्या सुईसाठी असते. ती सुई ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते, आणि वर ते सर्किट खालचे स्वर वाढवून वरचे कमी करतं, कारण तबकडी कापताना बरोबर उलटं केलेलं असतं. तिथे कॉम्प्युटर लावला तर गाण्याऐवजी फाटका नगारा वाजतो. आणि गोल, पाच पिनांचं डीआयएन सॉकेट दिसलं तर घाबरू नका. टेपच्या सॉकेटात मधली २ नंबरची पिन म्हणजे ग्राउंड, ३ आणि ५ म्हणजे डावं-उजवं आत जाण्यासाठी. मात्र पिनांचे नंबर क्रमाने नसतात, कमानीवर १, ४, २, ५, ३ असे असतात. हे कुणी आणि का ठरवलं हे विचारू नये.

आमचा अँप कलिन्याच्या चिखलात गेलेला, त्यामुळे मी नवा केला. म्हणजे फार काही नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ नावाची चिप असलेले तयार बोर्ड मिळतात, पत्त्याच्या कॅटएवढे. घरात एका मेलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पडून होता, तो त्याला लावला. १९ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला एकेका बाजूस २० वॅटच्या आसपास मिळतात. खरे वॅट बरं का. नव्वदच्या दशकातल्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ १,००० वॅट' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं असायचं, ते नव्हे. पीएमपीओ मोजायचं कुठलंही मान्य मानकच नव्हतं, त्यामुळे ज्याला जेवढे वाटतील तेवढे वॅट तो छापायचा. हॉलमध्ये जेवणाच्या वेळी गाणं चालू असतं तेव्हा खरं तर एक वॅटसुद्धा खर्च होत नाही.

एक सावधगिरी, कारण जुन्या माणसांकडून उलटा सल्ला मिळतो. जुन्या अँपमध्ये दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी आत एकच असायच्या, त्यामुळे लोक एक वायर वाचवून तीन वायरींत काम भागवायचे. या नव्या बोर्डांत ते चालत नाही. काळं टर्मिनलही इथे जिवंत असतं, ग्राउंड नसतं. दोन काळ्या एकत्र जोडल्या तर चिपचं तेरावं. चार वायरी म्हणजे चार वायरी. वायर कुठली? हार्डवेअरच्या दुकानातली साधी, जरा जाड, दोन पदरी तांब्याची. सोन्याचा मुलामा, ऑक्सिजनविरहित तांबं आणि वायरीवर बाण छापून 'सिग्नल या दिशेने' असं सांगणाऱ्या लोकांपासून देव तुमचं रक्षण करो.

सगळं जोडलं, आवाज वाढवला, आणि गाण्याच्या आधी आली घरघर. खालून एक जाडसर 'घूंऽऽ' आणि वर माउस हलवला की बारीक किरकिर. दोन वेगळे आजार आहेत हे. किरकिर मदरबोर्डवरच्या साउंड सर्किटची: शेजारी प्रोसेसर, मेमरी सगळे खडखड करत असतात, ते त्याच्या कानात शिरतं. यूएसबीवर चालणारा छोटा डॅक लावला, किरकिर गेली. 'घूं' मात्र गेलं नाही. ती ग्राउंड लूपची. कॉम्प्युटरची तीन पिनांची वायर भिंतीत अर्थला जाते. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिनही अर्थला जाते. आणि ऑडिओ केबलचं कवच त्या दोघांना पुन्हा एकमेकांशी जोडतं. झालं एक मोठं वर्तुळ, त्यात घरभरच्या ५० हर्ट्झचा थोडासा प्रवाह फिरतो आणि अँपला वाटतं हेच गाणं. निदान सोपं आहे: कॉम्प्युटरच्या जागी बॅटरीवर चालणारा लॅपटॉप लावून बघा, घरघर गायब झाली तर लूपच.

यावर शेजारच्या विंगमधल्या एका मित्राचा तत्काळ उपाय: "तिसरी पिन तोडून टाक." असले मित्र प्रत्येक सोसायटीत असतात. अर्थची पिन ही माणूस जगावा म्हणून असते, गाणं साफ यावं म्हणून ती तोडत नाहीत. योग्य उपाय म्हणजे ऑडिओच्या वाटेत छोटे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचे, १:१ चे. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांबं मात्र तुटलेलं राहतं, वर्तुळ पूर्ण होत नाही. तयार डबीत मिळतात. लावले, आणि एकदम अशी शांतता झाली की बायको आतून म्हणाली, "बंद पडलं का?"

इथपर्यंत सगळं आंतरजालावर कुठेही मिळेल असं. आता बाबा.

त्यांचा ऑडिओग्रॅम मी फाइलमधून काढला. ५०० हर्ट्झला २५ डेसिबलचा तोटा, १,००० ला ३०, २,००० ला ४५, ४,००० ला ६५ आणि ८,००० ला ७५. वयाने जाणारी श्रवणशक्ती अशीच जाते, वरून खाली. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्ट्यात असतात, ते पोचतात. स, श, फ, थ ही सगळी मंडळी वर राहतात, ती पोचत नाहीत. म्हणून "सात वाजले" चं "हात वाजले" होतं, आणि म्हणूनच "मला ऐकू येतंय, पण तुम्ही सगळे पुटपुटता" ही तक्रार. ती तक्रार अक्षरशः खरी असते.

माझ्यासारख्याला आधी सुचतं ते इक्वलायझरचं. ४,००० ला ६५ डेसिबल कमी आहे ना, मग ६५ वाढव. पण डेसिबलचं गणित क्रूर आहे. १० डेसिबल म्हणजे दहापट वीज, २० म्हणजे शंभरपट, ६५ म्हणजे तीस लाखपट. ट्वीटर जळेल, शेजारी पोलीस बोलावतील आणि बाबांचा उरलेला कानही जाईल. शिवाय कमी ऐकू येणाऱ्याला मोठा आवाज आपल्यापेक्षा जास्त सहन होतो असं नाही, त्याची ऐकण्याची आणि त्रासाची पातळी एकमेकांच्या जवळ आलेली असते. कानाचं मशीन याच कारणाने हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा कमी. बोलण्याला हे छान लागू पडतं. गाण्यात मात्र गायकाने मुद्दाम केलेला लहान-मोठा आवाज सपाट होतो. आणि मशीनमध्ये शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते, ती लांबलेल्या एकसुरी नादाला शिट्टी समजून दाबू बघते. बासरी आणि तानपुरा म्हणजे लांबलेला एकसुरी नादच की! बाबा म्हणायचे "मशीनमध्ये बासरी थरथरते", आणि आम्हाला ते वयाचं चिडचिडेपण वाटायचं. (बऱ्याच मशीनमध्ये वेगळा म्युझिक प्रोग्रॅम टाकता येतो. ऑडिओलॉजिस्टबाईंना विचारल्यावर त्यांनी दहा मिनिटांत टाकून दिला. तुमच्या घरी कुणाला मशीन असेल तर नक्की विचारा.)

तो तक्ता मी पुन्हा पाहिला आणि या वेळी उलटीकडून. वर काय गेलंय ते नको, खाली काय उरलंय ते बघू. ५०० च्या खाली बाबांचे कान जवळजवळ शाबूत आहेत! आणि आपण त्यांना ऐकवत काय होतो? हातभर ब्लूटूथ आणि टीव्हीचे चपटे स्पीकर, जे साधारण १५० हर्ट्झच्या खाली हात वर करतात. म्हणजे बाबांचे कान वरचं घेत नाहीत आणि आमची यंत्रं खालचं देत नाहीत. मधली जी पट्टी उरते त्यात गाणं कसं शिरणार? नुसता आवाजच शिरणार.

काळी एकला लावलेला पुरुष गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. डग्गा त्याच परिसरात घुमतो. एवढं खालचं वाजवायला हवा ढकलावी लागते आणि हवा ढकलायला क्षेत्रफळ लागतं, इथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाला येत नाही. एक सप्तक खाली उतरायचं तर तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. दोन इंची स्पीकरच्या मानाने आठ इंची वूफरचं क्षेत्रफळ सोळापट. १९८३ ची ती बोजड, गुडघ्याएवढी खोकी बोजड होती ती याच कारणाने.

मग इक्वलायझर ('इक्वलायझर एपीओ' म्हणून फुकट मिळतो, विंडोजमध्ये सगळ्याच आवाजाला लागू होतो) अगदी बेताने वापरला. २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात ६ डेसिबल वर, त्याच्या वर काही नाही. आणि एकूण पातळी ६ डेसिबल खाली, नाहीतर वाढवलेला भाग कापला जातो आणि फाटतो. बाकीचं काम अंतराने. बाबांची खुर्ची टेबलासमोर अशी ठेवली की स्पीकर हातभर अंतरावर. उघड्यावर अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात, खोलीत त्याहून कमी, पण मिळतात. मुख्य म्हणजे भिंतींचा घुमारा मागे पडतो, आणि कमी ऐकू येणाऱ्याला घुमाऱ्याचाच जास्त त्रास होतो.

पहिला रविवार. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "बाबा, जरा इथे बसता का? वायरी तपासायच्या आहेत." विलंबित ख्याल लावला. आई स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. तानपुरा सुरू झाला तेव्हा बाबा स्पीकरकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. तबला आला. दोन आवर्तनं झाली. मग त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला, लाकडावर, जिथे डग्ग्याची थरथर येत होती तिथे. पाचव्या-सहाव्या समेला बोटं आपटली. बरोब्बर समेवर.

रडलेबिडले नाहीत कुणी. पंचवीस मिनिटांनी ख्याल संपल्यावर बाबांनी विचारलं, "याच्यात कॅसेटी कुठे घालायच्या?" मी म्हटलं, घालायच्या नाहीत, तुम्ही नाव सांगायचं. तर त्यांनी पुराच्या आधीच्या कप्प्यातली नावं सांगायला सुरुवात केली. क्रमाने! डावीकडून उजवीकडे. मी कागद घेतला. एकतीस नावं झाली तेव्हा आईने जेवायला हाक मारली, आणि बाबांनी पहिल्या हाकेला "आलो" म्हटलं, "हो हो" नाही. आता ती हाक मशीन न लावता ऐकू आली की वासावरून कळलं, ते मला माहीत नाही. मी काही तपासलं नाही.

एकतीसपैकी चोवीस रेकॉर्डिंग सापडली आहेत. तीन कुठल्या तरी खाजगी मैफलीची होती, ती आता मिळायची नाहीत. उरलेल्या चारांवर शोध चालू आहे. बायकोच्या "हे नक्की कुठे राहणार" या प्रश्नाचं उत्तर सध्या असं आहे की स्पीकर, टेबल, कॉम्प्युटर आणि ती खुर्ची हे सगळं बाबांकडे गेलंय, सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सात नंतर. मधल्या वेळात मी मागितलं तर मिळतं, पण काल एका तबल्यावर बाबांनी अभिप्राय दिला, "डग्गा जरा उतरलाय याचा, ऐक पुन्हा," आणि ते पुन्हा ऐकताना ऑफिसचा कॉल सुरू झाला. मी हेडफोन घेऊन डायनिंग टेबलावर गेलो. उद्या सोमवार, स्टँडअपसुद्धा तिथूनच.